फोन कोणता घ्यावा हे तुमचे ग्रुप ठरवतात

प्रत्येक घरात एक "मोबाईलमधलं कळणारं" माणूस असतं, आमच्याकडे ते मी आहे. मी काही इंजिनियर वगैरे नाही, नाशकात एका कारखान्यात अकाउंट्स बघते, पण कधीतरी कुणाचा तरी ओटीपी येत नव्हता तो मी आणून दाखवला आणि तेव्हापासून नात्यातल्या सगळ्यांचे फोन माझ्या गळ्यात पडलेत. प्रश्न ठरलेला असतो, "अगं हा फोन फारच स्लो झालाय, नवीन कोणता घेऊ?" मग बजेट सांगणार, मग "कॅमेरा चांगला पाहिजे हं", मग हल्ली हल्ली "ते एआय असतं ते पण असू दे त्यात". मी आता यातलं काहीच ऐकून घेत नाही. मी एकच विचारते, तुम्ही व्हॉट्सॲपच्या किती ग्रुपवर आहात?

लोकांना वाटतं मी टाळतेय. आत्याला तर रागच आला, म्हणे मी फोनचं विचारतेय आणि ही माझ्या चौकशा करतेय. पण खरं सांगू का, आपल्याकडे पन्नाशीच्या पुढच्या माणसाचा फोन खराब होतच नाही, तो भरतो. स्क्रीन ठणठणीत, बॅटरी दिवसभर पुरते, फोन लागतो, आवाज येतो, आणि तरी तो "गेला" असं घरात जाहीर होतं कारण यूपीआयचं ॲप उघडायला दुकानदारासमोर अर्धा मिनिट लागतं आणि मागे रांगेत लोक चुळबुळ करतात.

आत्याचा फोन ६४ जीबीचा. आत्याचं म्हणणं, "मी तर काहीच ठेवत नाही गं त्यात, दोन भजनं आणि नातवाचे फोटो." ते खरंच होतं, तिने स्वतः ठेवलेलं सगळं मिळून दोन-तीन जीबीसुद्धा नव्हतं. फोनची स्वतःची सिस्टीम, ॲप वगैरे जाऊन जी जागा उरली होती ती जवळजवळ सगळी एकट्या व्हॉट्सॲपने अडवली होती. तुमच्याही घरात बघा, व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज. तिथे कोणत्या ग्रुपने किती जागा खाल्ली त्याची उतरती यादी असते आणि वर दोन वेगळे कप्पे असतात, एक पाच एमबीपेक्षा मोठ्या फाइलींचा आणि एक "अनेकदा फॉरवर्ड झालेल्या" मालाचा. आत्याच्या यादीत पहिला नंबर भजनी मंडळाचा नव्हता, माहेरच्या मंडळींचाही नव्हता. पहिला नंबर दहावीच्या बॅचचा! चाळीसेक वर्षांनी भेटलेली मंडळी एकमेकांना रोज सकाळी सूर्योदय पाठवतायत.

आणि हा सूर्योदय एकटा येत नाही. तोच फोटो एकाने पाठवला तर एक फाइल, पण आपल्याकडे लोक त्यावर खाली आपलं नाव टाकतात ना, "शुभेच्छुक अमुक परिवार", मग ती वेगळी फाइल झाली. चार ग्रुपवर चार परिवारांचा एकच गणपती म्हणजे फोनच्या दृष्टीने चार गणपती. त्यात वायफायवर आलं की फोटो, व्हिडिओ सगळं आपोआप उतरवून घ्यायचं हे सेटिंग मुळातच चालू असतं, ते बंद करता येतं हे बहुतेकांना माहीतच नसतं. काही हुशार लोक मीडिया व्हिजिबिलिटी, म्हणजे आलेले फोटो गॅलरीत दाखवायचं सेटिंग, बंद करतात आणि खूश होतात की गॅलरी स्वच्छ झाली. गॅलरी स्वच्छ होते हो, माल आतच असतो.

मग स्लो का होतो, तर ते जरा समजून घेण्यासारखं आहे. फोनमधल्या फ्लॅश मेमरीत जुन्यावर थेट नवीन लिहिता येत नाही, आधी एक अख्खा ब्लॉक पुसायचा आणि मग लिहायचं. मोकळी जागा भरपूर असली की फोन हे काम रिकाम्या वेळात उरकून ठेवतो आणि आपल्याला कळतही नाही. पण मेमरी गच्च झाली की साधी एक फाइल ठेवायलाही आधी इकडचं तिकडे हलवावं लागतं, लग्नघरात रात्री उशिरा आलेल्या एका पाहुण्यासाठी गादी टाकायची तर चौघांना उठवून सरकवावं लागतं तसं. त्यात स्वस्तातल्या फोनमध्ये ईएमएमसी प्रकारची मेमरी असते, ती वरच्या फोनमधल्या यूएफएसपेक्षा मुळातच हळू, मग तर विचारूच नका. आणि दुकानात हे कोणी सांगत नाही. खोक्यावर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल हे एवढाले मोठे, मेमरी कोणत्या प्रकारची ते शोधूनही सापडत नाही. आमच्या नाशकातल्या एमजी रोडला तुम्ही मोबाईलच्या कोणत्याही काउंटरवर जाऊन विचारून बघा, यूएफएस आहे का, तो पोरगा तुमच्याकडे असा बघेल की तुम्ही त्याचं लग्न ठरवताय.

"मग कार्ड टाकू का?" हा पुढचा प्रश्न. सासूबाईंच्या फोनमध्ये आमच्या दिरांनी मोठ्या हौसेने १२८ जीबीचं कार्ड टाकून दिलं होतं. ते कार्ड जसंच्या तसं रिकामं, कारण व्हॉट्सॲप आपला माल फोनच्या आतल्या मेमरीतच ठेवतं, कार्डावर थेट ठेवत नाही. हाताने फाइली उचलून कार्डावर टाकता येतात, पण ते करणार कोण, अर्थात मी.

क्लाऊडचं पण तेच झालंय. आधी लोक म्हणायचे गूगल फोटोजवर टाकून द्या, फुकट आहे. ते फुकट प्रकरण १ जून २०२१ ला संपलं, तेव्हापासून फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह सगळं मिळून १५ जीबी, पुढे पैसे. तरी अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप त्या हिशेबात धरत नव्हते, २०२४ पासून तोही धरायला लागले. म्हणजे बघा हं, दहावीच्या बॅचचा सूर्योदय आधी फोनमध्ये बसतो, मग रात्री बॅकअपमध्ये जाऊन तिथेही बसतो, मग एक दिवस जीमेल सांगतं की जागा नाही आणि तुमचं लाइट बिल यायचं बंद होतं. आत्याचे मिस्टर तेव्हा मला फोन करून म्हणाले की महावितरणने बिलं पाठवायची बंद केली वाटतं.

हे सगळं काही नवीन नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा जवळजवळ पाण्याच्या भावात मिळायला लागला आणि जे पाठवायला आधी माणूस दोनदा विचार करायचा ते विचार न करता जायला लागलं. आपल्याकडचा हा भरलेल्या फोनचा त्रास गूगललाही एवढा दिसला की डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी फाइल्स गो नावाचं खास सफाईचं ॲप काढलं, आता त्याला नुसतं फाइल्स म्हणतात, त्यात असले शुभेच्छांचे फोटो ओळखून एकगठ्ठा उडवायची सोय दिली. मला याची गंमत वाटते आणि थोडी लाजही वाटते. जगातली एवढी मोठी कंपनी, आणि तिथे कुणीतरी मशीनला शिकवतंय की गुलाब आणि चहाचा कप आणि त्यावर सुविचार दिसला की समज हे टाकाऊ आहे.

आता तुम्ही म्हणाल सरळ ग्रुप सोडा. आता सोडणं सोपंही झालंय, २०२२ पासून गुपचूप बाहेर पडता येतं, फक्त ॲडमिनला कळतं, आधीसारखं सगळ्यांसमोर "अमुक लेफ्ट" असं येत नाही. पण सोडणार कसा? आमच्या सोसायटीत नोटीस बोर्ड अजून जिन्याखाली आहे, त्याला काच आहे, कुलूप आहे, आणि आत तीन वर्षांपूर्वीचं पेस्ट कंट्रोलचं पत्रक आहे. पाणी किती वाजता बंद, टँकर कधी, लिफ्टवाला आला का, मेंटेनन्स कुणाचं राहिलंय, ३० सप्टेंबरच्या आत एजीएम म्हणजे वार्षिक सभा घ्यायची तर कोणता रविवार, सगळं ग्रुपवर. मुलांच्या शाळेचं तसंच, उद्या पांढरा शर्ट घालून पाठवा हे रात्री दहाला ग्रुपवर येतं. म्हणजे फोन न वापरणारा माणूस या शहरात राहू शकतो, पण ग्रुपवर नसलेला माणूस बिनपाण्याची आंघोळ करतो. ग्रुप आपण हौसेने जॉइन केले तो काळ गेला, आता रेशन कार्डात नाव असावं तसं ते असावंच लागतं. आणि जे असावंच लागतं त्याच्या कचऱ्याचं भाडं मात्र प्रत्येकाने आपापल्या फोनमधून भरायचं. एकाने व्हिडिओ टाकला की दीड-दोनशे फोनवर तो उतरतो. ग्रुपची मर्यादा आधी २५६ जणांची होती, मग २०२२ मध्ये आधी ५१२ आणि वर्षाच्या शेवटाला १०२४ केली, फाइलची मर्यादा त्याच वर्षी १०० एमबीवरून एकदम २ जीबी केली. तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. मी म्हटलं बघा आता लग्नाचे व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून येणार, आणि आलेच.

पण ग्रुप म्हणजे नुसता कचरा असं माझं बिलकुल म्हणणं नाही, आणि तिथेच मला खरं बोलायचंय. माझा मावसभाऊ निफाड तालुक्यात द्राक्षं लावतो. त्याच्या पट्ट्यातल्या बागायतदारांचा एक ग्रुप आहे आणि तो मी त्याच्या फोनवर बघितला तेव्हा मला हेवा वाटला, खरंच. तिथे कुणी गुड मॉर्निंग टाकत नाही. टाकला तर पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा बाहेर, मग तो सरपंच असो की सख्खा चुलता. फोटो टाकायचा तर त्याची रीत ठरलेली आहे. पानाची वरची बाजू, तेच पान उलटं करून खालची बाजू, मग लांबून अख्खा वेल. सोबत लिहायचं छाटणीपासून कितवा दिवस, जात कोणती, शेवटची फवारणी कशाची आणि कधी. एवढं नसेल तर कुणी उत्तरच देत नाही.

मी विचारलं एवढं कडक कशाला. तो म्हणाला, "ताई, वरून तेलकट पिवळा डाग आणि खालून पांढरी बुरशी असली तर डाऊनी, वरच राख फासल्यासारखं दिसलं तर भुरी. औषध वेगळं. खालची बाजू दाखवली नाही तर सांगणारा काय देव आहे?" गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या छाटणीनंतर, फुलोऱ्यात बाग असताना पाऊस झाला की सगळा पट्टा रात्रभर जागा असतो, डाऊनी एकदा घडात शिरली की वर्षाची मेहनत गेली, गळ आणि कुज वेगळीच. तेव्हा रात्री अकरा वाजता कुणीतरी पानाचा फोटो टाकतो आणि दहा मिनिटांत तीन जणांची उत्तरं येतात, त्यातला एक जण कृषी सेवा केंद्रवाला असतो तर त्याला बाकीचे लगेच टोकतात की तुझ्याकडे जे शिल्लक आहे ते नको सांगू.

आणि तिथे कुणी कुठून तरी आलेलं "हे मारा, गॅरंटी" असं फॉरवर्ड टाकलं तर त्याची धडगत नसते. त्यामागे कारण आहे. २०१० साली आपल्याकडची द्राक्षं युरोपात अडकली होती, क्लोरमेक्वाट म्हणजे वेलीची वाढ रोखायचं औषध, ज्याला शेतकरी सीसीसी म्हणतात, त्याचे अंश सापडले म्हणून, आणि त्या वर्षी निर्यात करणाऱ्यांची जी अवस्था झाली ती या भागात कुणी विसरलेलं नाही. तेव्हापासून फवारणी म्हणजे लेबल, मात्रा, तोडणीआधी किती दिवस थांबायचं हे सगळं बघून. फॉरवर्ड बघून नाही.

याच मावसभावाने मला फोनच्या कॅमेऱ्याचंही एक शिकवलं. मी कायम म्हणायचे की एवढे मेगापिक्सेल कशाला, शेवटी व्हॉट्सॲप फोटो आवळूनच पाठवतं. तो म्हणाला बरोबर, म्हणून आम्ही आधी पानाचा फोटो डॉक्युमेंट करून पाठवायचो, नाहीतर डाग आणि धूळ यातला फरक कळायचा नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते एचडीचं बटण आलं तेव्हा आमच्याकडे लोकांनी ते स्टोरीचे फोटो भारी दिसावेत म्हणून वापरलं असेल, त्याच्या ग्रुपवर ते बुरशी बघायला वापरतात. फोन साधाच आहे त्याचा, बारा-तेरा हजारांचा, मागचं कव्हर फाटलेलं, आणि तो अजिबात स्लो नाहीये. का, तर त्याच्या फोनमध्ये जे आहे ते त्याने बोलावलेलं आहे. सीझन संपला की तो मागच्या वर्षीचं सगळं उडवतो, काही ठरावीक फोटो सोडून, ज्यात औषध लागू पडलेलं आहे.

याच्या बरोबर उलट म्हणजे आमचा सोसायटीचा ग्रुप आणि बिबट्या.

नाशिककरांना सांगायला नको, इथे बिबट्या ही नुसती अफवा नसते, तो खरंच येतो. बाजूला मळे आहेत, ऊस आहे, गोदाकाठची झाडी आहे, गंगापूर रोडच्या बाजूला तर लोक संध्याकाळचं फिरणं अंदाज घेऊन करतात. त्यामुळे ग्रुपवर बिबट्याचा व्हिडिओ आला की तो हसण्यावारी नेता येत नाही आणि खराही धरता येत नाही. आमच्या ग्रुपवर एका रात्री सीसीटीव्हीची क्लिप आली, पार्किंगमधून बिबट्या जातोय, खाली लिहिलंय "आपल्या मागच्या गल्लीत, आत्ता". पाच मिनिटांत गेट बंद, वॉचमनला आत घेतलं, क्लासला गेलेल्या पोरांना तिथेच थांबवलं, बी विंगच्या एक काकू रडायला लागल्या कारण त्यांचे मिस्टर कुत्र्याला घेऊन खाली गेलेले. मग कुणीतरी क्लिप थांबवून थांबवून बघितली, तर मागे उभ्या स्कूटरच्या पाटीवर एमएच १२. पुण्याची. एक स्कूटर पुण्याची असू शकते हो, पण तिच्या शेजारची बाईक पण एमएच १२ आणि त्याच्या शेजारची गाडी पण एमएच १२. पोस्ट करणाऱ्याला विचारलं तर म्हणे मला दुसऱ्या ग्रुपवरून आलं, मी काळजीपोटी टाकलं.

काळजीपोटी हा शब्द आला की मला राग येतो, सॉरी. याच काळजीपोटी १ जुलै २०१८ ला आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पाच माणसं मारली गेली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भिक्षेकरी माणसं, सोलापूरकडून पोट भरायला आलेली, आणि जमावाने मुलं पळवणारी टोळी म्हणून ठेचून मारली कारण फोनाफोनांत तसे मेसेज फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी फक्त पाच जणांना फॉरवर्ड करायची मर्यादा आणली, पुढे एप्रिल २०२० मध्ये खूप फिरलेला मेसेज असेल तर एका वेळी एकालाच. तो दुहेरी बाण दिसतो ना मेसेजच्या वर, तो त्याचाच. माझं लोकांना एवढंच सांगणं असतं की दुहेरी बाण दिसला की "आपल्या मागच्या गल्लीत" हे वाक्य खोटं आहे असं धरूनच चाला. आपल्या मागच्या गल्लीतली गोष्ट तुमच्यापर्यंत इतक्या हातांतून फिरून कशाला येईल, तिथे राहणाऱ्याने स्वतः काढली असेल ना?

पण आता तेवढंही पुरत नाही. आता एआयने बनवलेले बिबटे आलेत. ते बघायला इतके सुंदर असतात की तिथेच संशय यावा, आपला खरा बिबट्या सीसीटीव्हीत एक राखाडी ठिपका असतो. गमतीसाठी कुणीतरी आपल्या बाल्कनीत बिबट्या बसवतो, घरच्यांना पाठवतो, तिथून तो निघतो. फोनच्या जाहिरातीत जे एआय दाखवलं होतं तेच त्याने वापरलं, दुसरं काही नाही केलं. म्हणून कुणी म्हणालं की एआय पण असू दे फोनमध्ये, की मी विचारते कशाला, बिबट्या बनवायला? खरंच दिसला तर वनखात्याचा १९२६ हा नंबर आहे, हॅलो फॉरेस्ट, टोल फ्री, तो सेव्ह करा, त्याला स्टोरेज लागत नाही.

तर बिबट्यानंतर आमच्याकडे जे व्हायचं तेच झालं, सेक्रेटरी काकांनी ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकेल असं केलं. दोन दिवस शांतता. मग लोकांनी "फक्त गप्पा" म्हणून दुसरा ग्रुप काढला आणि सगळे तिथे गेले, सेक्रेटरी काकांसकट. आता परिस्थिती अशी आहे की ऑफिशियल ग्रुपवर टँकरची वेळ येते आणि गप्पांच्या ग्रुपवर टँकर खरंच आला का ते येतं. म्हणजे दोन्ही ठेवावे लागतात. आता निदान पहिला हलका तरी आहे, एवढंच.

मी मीटिंगमध्ये सुचवलं होतं की गप्पांच्या ग्रुपवर डिसअपिअरिंग मेसेज चालू करा, नव्वद दिवसांचं. चोवीस तास, सात दिवस आणि नव्वद दिवस असे तीन पर्याय असतात, ॲडमिनने एकदा लावलं की त्यानंतरचं सगळं आपोआप उडतं, कुणाला बोटही हलवायला नको, दीडशे फोन एकदम हलके. मला वाटलं होतं लोक पटकन हो म्हणतील. छे! लोकांना पुरावा हवा असतो. सी विंगमधले एक जण उठून म्हणाले की काही वर्षांपूर्वी अमुक तारखेला पार्किंगबद्दल तमुक काय बोलला होता ते माझ्याकडे आहे, ते उडालं तर? दुसरे म्हणाले गळतीचे फोटो आहेत, वरच्या फ्लॅटवाल्याने कबूल केलंय त्यात. तिसऱ्या एकांना वाटत होतं की कमिटीलाच काहीतरी लपवायचंय म्हणून हा डाव आहे, आणि मी कमिटीत नाहीये हो!

आणि मला ते ऐकताना वाटलं की हे अगदी चूक नाहीये. सोसायटीच्या मिनिट्सच्या वहीत कुणी काय बोललं ते कधी नीट लिहिलेलंच नसतं, "सर्वानुमते ठरले" एवढंच असतं, मग माणसाला आपला ग्रुपच वही वाटणार. पण वही आणि कचरापेटी एकाच पिशवीत ठेवली तर वही कुणाला सापडणार आहे? ज्यांनी पुराव्याचं म्हटलं त्यांना मी तिथेच म्हटलं की दाखवा बरं तो मेसेज. दहा मिनिटं वरखाली करत होते. सापडला नाही. मध्ये तीन दिवाळ्या आणि एक ऑलिम्पिक होतं. त्याला उपाय आहे, २०२३ पासून अशा ग्रुपमध्ये एखादा मेसेज धरून ठेवता येतो, कीप करता येतो, फक्त लिहिणाऱ्याने नकार दिला तर तो राहत नाही. हे मी सांगितलं आणि तिथे माझं सगळं फिसकटलं, कारण "म्हणजे तो वरचा फ्लॅटवाला नकार देणार!" असा एकच गलका झाला. ते बरोबरही आहे. गळतीचे फोटो सरळ सोसायटीच्या ईमेलवर पाठवा ना मग, ती ईमेल आहे, तिचा पासवर्ड दोन सेक्रेटरींपूर्वीच्या सेक्रेटरींकडे आहे. तो मिळाला की प्रस्ताव परत मांडायचा असं ठरलंय, सर्वानुमते.

राहिला फोनचा प्रश्न. २०२५ च्या शेवटापासून मेमरी चिपच महाग झाल्यात, एआयच्या डेटा सेंटरांना माल जातोय म्हणून, त्यामुळे "थांब, दिवाळीत स्वस्त होईल" हा सल्लाही मी आता छातीठोक देत नाही. दहाच्या आत ग्रुप असतील आणि त्यात एकही दहावीची बॅच नसेल तर १२८ जीबी पुष्कळ. बॅच असेल, सासर-माहेर दोन्ही असेल, आणि तुम्ही स्वतः सफाई करणाऱ्यातले नसाल तर कॅमेऱ्याचे दोन-तीन हजार वाचवून २५६ घ्या, मेमरी यूएफएस आहे का ते कंपनीच्या साइटवर आधी बघून जा, दुकानात विचारू नका. आणि घेतल्या दिवशी जुन्या फोनमधलं सगळं जसंच्या तसं नवीन फोनमध्ये ओतायचा जो कार्यक्रम असतो ना, तो तेवढा करू नका. आत्याने मात्र फोन घेतलाच नाही, आम्ही बसून अठ्ठावीस जीबी उडवलं आणि आता तो पळतो. तिची अट एकच होती, बॅचवाल्यांना कळता कामा नये की त्यांचे सूर्योदय आता तिच्या फोनमध्ये आपोआप उतरत नाहीत. ती फोटो न उघडताच त्याच्याखाली लाइकचा अंगठा देते.